शीआनच्या पहिल्या भेटीचा आराखडा : दादरच्या एका प्रवास-नियोजन सेवेचे परीक्षण

मुंबईहून चीनला जाणारी बहुतेक मराठी कुटुंबे सहल कंपनीच्या गटाबरोबर जातात. त्या कार्यक्रमांत बीजिंग आणि शांघाय ही शहरे मुख्य असतात आणि शीआनचा समावेश झालाच, तर मातीच्या सैन्याचे (प्राचीन सम्राटाच्या समाधीजवळ पुरलेल्या मातीच्या सैनिकमूर्तींचे) दर्शन आणि एखादी रात्र यापलीकडे त्याच्या वाट्याला फारसे काही येत नाही. चांगआन या नावाने हान आणि तांग या राजवंशांची राजधानी राहिलेल्या आणि रेशीम मार्गाचे पूर्वेकडील टोक मानल्या जाणाऱ्या नगराला एवढाच वेळ देणे मला पटत नव्हते. म्हणून माझी पत्नी, माझी थोरली बहीण आणि मी अशा तिघांनी फक्त शीआनलाच, थोड्या दिवसांसाठी पण नीट तयारी करून जायचे ठरवले आणि त्या तयारीसाठी दादर पश्चिमेच्या एका छोट्या प्रवास-नियोजन सेवेची मदत घेतली. हे परीक्षण त्या सेवेचे आहे. काही उणिवा मी स्पष्टपणे लिहिणार असल्यामुळे आणि व्यवसाय दोनच माणसांचा असल्यामुळे तिचे नाव देत नाही. मात्र अशा प्रकारच्या सेवेकडून काय मिळू शकते आणि काय मागून घ्यावे लागते, हे वाचकांना यातून कळू शकेल.

ही सेवा विमानाची तिकिटे विकत नाही, हॉटेले विकत नाही आणि गटही नेत नाही. ठरावीक शुल्क घेऊन ती केवळ आराखडा लिहून देते : कोणत्या दिवशी कोठे, कोणत्या क्रमाने, कोणते आरक्षण केव्हा करायचे, कोणत्या स्थानकावर उतरायचे आणि काय पाहायचे नाही. त्यातली शेवटची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटली. विक्रीवर दलाली मिळणारा मध्यस्थ सहसा कार्यक्रमात भर घालत जातो. येथे मात्र आमच्या यादीतल्या निम्म्याहून अधिक गोष्टी पहिल्याच भेटीत कारणांसह वगळल्या गेल्या. आराखडा आखणाऱ्या बाईंनी आधी अर्धा तास फक्त प्रश्न विचारले. „काका, तुम्हाला भिंत बघायची आहे की भिंतीवर चालायचं आहे? मावशींचे गुडघे कसे आहेत? आणि शीआनच का, हे मला एका वाक्यात सांगा,” असे त्यांनी विचारले. तिसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर होते, युआन श्वांग, म्हणजे सातव्या शतकात भारतात आलेला चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग. पुढचा सगळा आराखडा त्या उत्तराभोवती उभा राहिला.

प्रवासाच्या काळाबद्दलचा सल्ला प्रथम सांगतो, कारण मुंबईकरांच्या सुट्ट्या आणि चीनमधल्या सुट्ट्या यांचा मेळ घालणे हे या नियोजनातले पहिले काम आहे. १ ऑक्टोबर या चीनच्या राष्ट्रीय दिनापासून सुरू होणारी सलग सुट्टी ही तिकडच्या देशांतर्गत पर्यटनाची सर्वांत गर्दीची वेळ असते, आणि शीआन हे चिनी पर्यटकांचेही फार आवडते शहर आहे. दिवाळी त्या आठवड्यानंतर येते, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांना गर्दी ओसरलेली आणि हवा थंड पण सुखद अशी मिळते. याउलट मे महिन्याच्या सुट्टीत १ मेच्या आसपास जाणे टाळावे; आपल्याकडे तो महाराष्ट्र दिन असतो, तर तिकडे कामगार दिनाची जोडून सुट्टी असते. वसंतोत्सवाचे, म्हणजे चिनी नववर्षाचे, दिवसही पहिल्या भेटीसाठी योग्य नाहीत असे त्यांचे मत पडले आणि ते मला मान्य आहे.

व्हिसाच्या बाबतीतही त्यांनी एक गैरसमज वेळीच दूर केला. चीनमधून तिसऱ्या देशात जाताना २४० तासांपर्यंत व्हिसाशिवाय राहता येते, असे सांगणाऱ्या चित्रफिती सध्या सर्वत्र फिरतात. ती सवलत ठरावीक देशांच्या नागरिकांसाठी आहे आणि त्या देशांच्या यादीत भारत नाही. भारतीय पारपत्रावर जाणाऱ्याने रीतसर पर्यटक व्हिसा घेऊनच निघावे. मुंबईहून शीआनला थेट विमान नसल्याने वाटेत एकदा तरी विमान बदलावे लागते. हाँगकाँगमार्गे जाऊन तेथे विमानतळाबाहेर पडायचे असेल, तर भारतीयांना आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. केवळ विमान बदलायचे असेल तर ती लागत नाही. हे सगळे त्यांच्या पुस्तिकेच्या पहिल्या दोन पानांत स्वच्छ मराठीत लिहिलेले होते आणि प्रत्येक मुद्द्यापुढे तो निघण्यापूर्वी पुन्हा तपासून घेण्याची सूचनाही होती.

आता मुख्य आराखड्याकडे येतो. राहण्याची जागा शहराच्या तटबंदीच्या आत, दक्षिण दरवाजाजवळ घ्यावी, हा त्यांचा आग्रह होता आणि त्याची फोड त्यांनी मेट्रोच्या नकाशावर करून दाखवली. शीआनचे विमानतळ शहराच्या वायव्येला, शेजारच्या श्यानयांगच्या बाजूला आहे. तेथून मेट्रोच्या १४ क्रमांकाच्या मार्गाने उत्तरेकडील बुलेट ट्रेनच्या स्थानकापर्यंत यायचे, तेथे २ क्रमांकाचा मार्ग धरायचा आणि घंटामनोऱ्याखालून जाणाऱ्या त्याच गाडीने योंगनिंगमेन, म्हणजे दक्षिण दरवाजा, येथे उतरायचे. एकच बदल, पाट्या इंग्रजीतही लावलेल्या आणि रिक्षा-टॅक्सीवाल्याशी बोलण्याची गरज नाही. शिलालेखांचे संग्रहालय तेथून पायी जाण्यासारखे आहे, घंटामनोरा आणि नगारामनोराही जवळच आहेत, आणि दुपारी खोलीवर परतून तासभर विश्रांती घेता येते. वय झालेल्या माणसाबरोबर प्रवास करताना ही दुपारची विश्रांती किती महत्त्वाची असते, हे आराखडा करणाऱ्याला उमजले होते, याबद्दल मी त्यांना पूर्ण गुण देईन.

पोहोचल्याच्या दिवशी त्यांनी केवळ तटबंदी ठेवली होती. आज दिसणारी ही भिंत मिंग काळातली, चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेली आहे. तिचा घेर १३.७४ किलोमीटर आणि उंची सुमारे १२ मीटर आहे आणि वरचा माथा इतका रुंद आहे की त्यावर भाड्याच्या सायकली आणि छोट्या विद्युत गाड्या चालतात. आराखड्यात संपूर्ण फेरी सुचवलेली नव्हती. सूर्यास्तापूर्वी दक्षिण दरवाजाने वर जावे, पूर्वेकडे जमेल तेवढे चालावे आणि परत फिरावे, एवढेच होते. पत्नीने आणि मी सायकल घेतली, ताई भिंतीवरच थांबली, आणि पहिल्याच संध्याकाळी शहराची चौकट आम्हाला कळली : आत जुन्या रस्त्यांची सरळ आखणी, बाहेर खंदक, आणि त्यापलीकडे सगळीकडे पसरलेले उंच इमारतींचे नवे शहर. पहिल्या दिवशी एखादे संग्रहालय ठेवले असते, तर थकव्यामुळे ते वाया गेले असते.

मातीच्या सैन्यासाठी दुसरा पूर्ण दिवस होता. हे स्थळ शहराच्या पूर्वेस सुमारे ४० किलोमीटरवर लिनतोंग भागात आहे. मेट्रोच्या ९ क्रमांकाच्या मार्गाने हुआछिंग सरोवराच्या स्थानकापर्यंत जाऊन पुढे बस किंवा टॅक्सी घेता येते, परंतु ताईचा विचार करून आम्हाला दिवसभराची गाडी सुचवली होती आणि तीही कोणत्याही दुकानावर न थांबण्याची अट आधीच लिहून घेऊन. प्रतिकृतींच्या कारखान्यात तासभर घालवणे हा अनेक गटसहलींचा भाग असतो. तो तास येथे वाचला.

या दिवसाची आखणी संपूर्ण पुस्तिकेतली सर्वांत विचारपूर्वक केलेली आहे. मार्च १९७४ मध्ये विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना येथे भाजलेल्या मातीच्या मूर्तींचे तुकडे सापडले, १९७९ मध्ये संग्रहालय खुले झाले आणि १९८७ मध्ये जागतिक वारशात त्याची नोंद झाली, हे बहुतेकांना ढोबळपणे माहीत असते. बहुतेक पर्यटक आत शिरताच पहिल्या दालनाकडे, म्हणजे २३० मीटर लांब आणि ६२ मीटर रुंद अशा सर्वांत मोठ्या खड्ड्याकडे धावतात, तेथील भव्यतेने भारावून जातात आणि उरलेली दोन दालने घाईने उरकतात. आमच्या आराखड्यात क्रम उलटा होता. आधी तिसरे, सर्वांत लहान दालन, जे सेनापतींच्या मुख्यालयासारखे मानले जाते. मग दुसरे, जिथे घोडदळ, रथ आणि धनुर्धर आहेत आणि जिथला बराचसा भाग अद्याप उकरलेला नाही. आणि शेवटी पहिले. या क्रमामुळे मोठ्या दालनात उभे राहिल्यावर समोरच्या रांगा केवळ गर्दी म्हणून दिसत नाहीत, त्यांची रचना वाचता येते. सुमारे ८,००० मूर्ती येथे असाव्यात असा अभ्यासकांचा अंदाज आहे आणि त्यांतल्या बऱ्याच अजून जमिनीखालीच आहेत.

उत्खनन इतक्या सावकाश का चालते, याचे कारणही पुस्तिकेत दिले होते. या मूर्ती मुळात रंगवलेल्या होत्या. रंगाखालचा लाखेचा थर दोन हजार वर्षांच्या ओलाव्यातून कोरड्या हवेत आला की काही मिनिटांत आक्रसतो आणि रंगासह सुटून पडतो. हे आधी वाचून गेल्यामुळे, फिकट मातकट मूर्तींकडे पाहताना त्या मुळात कशा असतील याचा विचार मनात येत राहिला. इ.स.पूर्व २२१ मध्ये चीन एकछत्री करणारा आणि इ.स.पूर्व २१० मध्ये मरण पावलेला सम्राट छिन शी हुआंग याची प्रत्यक्ष समाधी मात्र या दालनांपासून सुमारे दीड किलोमीटरवर, झाडांनी झाकलेल्या टेकाडाखाली आहे आणि ती आजवर उघडलेली नाही. १९८० मध्ये सापडलेले कांस्याचे दोन रथ आता त्या समाधीच्या परिसरातील स्वतंत्र संग्रहालयात ठेवले आहेत. तिकीट एकच आहे आणि दोन्ही जागांमध्ये बस चालते. एवढी साधी गोष्ट माहीत नसल्यामुळे अनेक जण रथ न पाहताच परततात. या विभागाला मी कोणताही आक्षेप घेऊ शकत नाही.

तिसरा दिवस माझा होता. सकाळी शान्शी प्रांताचे इतिहास संग्रहालय आणि दुपारनंतर महाहंस स्तूपमनोरा. हे संग्रहालय १९९१ मध्ये सुरू झाले. मूळ प्रवेश विनामूल्य आहे, परंतु पारपत्राच्या क्रमांकावर आधी ऑनलाइन आरक्षण करावे लागते, जागा झपाट्याने संपतात आणि सोमवारी ते बंद असते. आमचे विमान कोणत्या वारी पोहोचावे, हे या सोमवारच्या हिशेबाने ठरवले गेले, याचे मला फार कौतुक वाटले. आरक्षण ज्या वेळी खुले होते ती वेळ चीनच्या घड्याळाप्रमाणे असते, जे आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. त्या वेळी बाई स्वतः फोनवर होत्या आणि चिनी अक्षरांच्या पडद्यावर कोठे बोट ठेवायचे ते सांगत होत्या. संग्रहालयात काय पाहावे, याची यादी त्यांनी जाणीवपूर्वक आखूड ठेवली होती : १९७० मध्ये हेज्यात्सुन येथे सापडलेल्या तांगकालीन सोन्याचांदीच्या ठेव्यातील वस्तू, विशेषतः प्राण्याच्या मस्तकाच्या आकाराचा अकीक दगडाचा पेला आणि नाचणाऱ्या घोड्याचे चित्र असलेला सोन्याचा मुलामा दिलेला चांदीचा तुंबा, आणि वेगळे तिकीट काढून पाहायची तांग राजघराण्याच्या समाध्यांतली भित्तिचित्रे. त्या मोजक्या वस्तूंपुढे आम्ही शांतपणे उभे राहू शकलो, कारण बाकीच्या वस्तू सुटल्याची रुखरुख आधीच संपवलेली होती.

महाहंस मनोऱ्याबद्दल मात्र मला थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. आपल्या शालेय पुस्तकांतून भेटणारा युआन श्वांग, ज्याला जुनी पिढी ह्युएन त्संग म्हणते, तो सातव्या शतकात चांगआनहून निघाला, भारतभर फिरला, नालंदेत शिकला आणि ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन परतला. ते ग्रंथ आणि मूर्ती सुरक्षित राहाव्यात म्हणून ६५२ मध्ये दा त्सअन मंदिराच्या आवारात हा मनोरा उभा राहिला आणि पुढची बरीच वर्षे तेथे अनुवादाचे काम चालले. याच माणसाने महाराष्ट्रही पाहिला होता. ६४६ मध्ये पूर्ण झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात येथील लोकांबद्दल जे आहे, ते प्रत्येक मराठी वाचकाने एकदा वाचण्यासारखे आहे : माणसे उंच, साधी आणि मानी, उपकाराची जाणीव ठेवणारी आणि अपमानाचा सूड घेणारी, पण सूड घेण्यापूर्वी शत्रूला सूचना देणारी. तेथे राज्य करणारा दुसरा पुलकेशी आणि हर्षालाही न नमलेले त्याचे सैन्य यांचेही वर्णन त्यात येते. पूर्वेकडच्या डोंगरात कोरलेल्या एका विहाराचा उल्लेखही आहे आणि तो अजिंठ्याचा असावा असे अभ्यासक मानतात.

आराखड्यात या मनोऱ्यासाठी पूर्ण दुपार ठेवली होती आणि आधी मंदिराचे आवार, मग मनोऱ्याच्या दक्षिण दरवाजाच्या दोन्ही बाजूंचे शिलालेख, आणि सर्वांत शेवटी वर चढणे असा क्रम होता. ६५३ मधले ते दोन शिलालेख युआन श्वांगच्या अनुवादांसाठी सम्राट थाईत्सुंग आणि त्याचा पुत्र गाओत्सुंग यांनी लिहिलेले प्रास्ताविक आणि नोंद आहेत आणि त्यांचे अक्षर चू स्वीलियांग या त्या काळच्या थोर सुलेखनकाराचे आहे. बहुतेक पर्यटक मनोऱ्याचे छायाचित्र घेऊन त्यांच्या शेजारून निघून जातात. आजचा मनोरा सात मजली आणि सुमारे ६४ मीटर उंच आहे. वर चढण्याचे तिकीट वेगळे आहे आणि जिना अरुंद आहे, म्हणून ताईने खालीच बसावे, असे पुस्तिकेत आधीच लिहिले होते. वरून दक्षिणेकडे जो रस्ता दिसतो, त्यावर रात्री तांगकालीन वेशातले तरुण-तरुणी आणि रोषणाई यांची प्रचंड गर्दी असते. ती रोषणाई पाहण्यात मला रस नव्हता. पत्नीला होता, आणि तिच्यासाठी त्यांनी तासाभराची वेगळी नोंद केली होती. एकाच पुस्तिकेत तीन माणसांच्या तीन आवडी बसवणे सोपे नसते.

उरलेल्या दिवसासाठी शिलालेखांचे संग्रहालय, नगारामनोऱ्यामागची मुस्लिम वस्ती आणि मोठी मशीद होती. १०८७ मध्ये स्थापन झालेल्या शिलालेख संग्रहालयात ८३७ मध्ये ११४ शिळांवर कोरून पूर्ण केलेले कन्फ्यूशियन परंपरेचे ग्रंथ उभे आहेत, आणि चीनमधल्या ख्रिस्ती धर्माच्या आगमनाची नोंद करणारा, चिनी आणि सिरियाक लिपींतला ७८१ चा शिलालेखही. ज्याला दगडावरच्या अक्षरांची ओढ आहे, त्याने येथे अधिक वेळ मागून घ्यावा. आम्हाला दिलेला दीड तास अपुरा पडला. मशिदीची स्थापना परंपरेने ७४२ ची मानतात, सध्याच्या इमारती मिंग काळातल्या आहेत, आणि घुमट किंवा मिनार यांऐवजी चिनी पद्धतीची एकामागून एक चौक असलेली रचना आहे. मुख्य प्रार्थनागृहात मुस्लिमेतरांना प्रवेश नसतो, हे आधी सांगितलेले असल्यामुळे तेथे अवघडल्यासारखे झाले नाही.

लघुहंस मनोरा त्यांनी पर्यायी म्हणून दिला होता आणि तो मुख्य यादीत असायला हवा होता, असे माझे ठाम मत आहे. युआन श्वांगनंतर समुद्रमार्गे भारतात आलेला, ६७१ मध्ये निघून ६९५ मध्ये परतलेला आणि नालंदेत दशकभर राहिलेला यीजिंग हा भिक्षू ज्या ज्यानफू मंदिरात अनुवाद करीत असे, त्याच आवारात आठव्या शतकाच्या आरंभी हा मनोरा उभा राहिला. १५५६ च्या महाभूकंपात त्याचे वरचे मजले कोसळले आणि तो आजही त्याच खुंटलेल्या स्वरूपात, झाडांच्या गर्द आवारात उभा आहे. गर्दी फार कमी, चालणे सपाट, शेजारी शहराचे चांगले संग्रहालय. गुडघेदुखी असलेल्या माणसासाठी शीआनमधली ही सर्वांत सुखाची जागा आहे. पुढच्या आवृत्तीत तिला मुख्य स्थान द्यावे, असे मी त्यांना कळवले आहे.

वगळलेल्या गोष्टींबद्दल एक शब्द. हुआशान पर्वत बुलेट ट्रेनने अर्ध्या-पाऊण तासावर असूनही तो काढला गेला, कारण प्रत्यक्षात तो पूर्ण दिवस आणि मजबूत पाय मागतो. लोयांग आणि लोंगमेनच्या गुहा दुसऱ्या भेटीसाठी ठेवल्या. यानआन वगळताना मात्र मला वाईट वाटले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस मुंबईत वैद्यकीचे शिक्षण घेऊन १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९३९ मध्ये याच प्रांतातल्या यानआनला पोहोचले. परंतु ते शहर उत्तरेला बरेच दूर आहे आणि छोट्या भेटीत त्याला न्याय देता येणार नाही, हे बाईंचे म्हणणे अखेर मी स्वीकारले.

पैसे आणि फोन या विषयावरची पाने उत्तम होती. शीआनमध्ये फळवाल्यापासून मेट्रोपर्यंत सगळे व्यवहार अलीपे किंवा वीचॅट या फोनवरून पैसे देण्याच्या चिनी अ‍ॅपवर होतात. या दोन्हींना आपले व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येते, मात्र २०० युआनपेक्षा मोठ्या व्यवहारावर जादा शुल्क लागते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे आपली कार्डे परदेशी व्यवहारांसाठी आधी सुरू करून घ्यावी लागतात. हे काम मुंबईतच करावे, दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डे जोडावीत आणि थोडी रोख रक्कमही जवळ ठेवावी, असा सल्ला होता. व्हॉट्सॲप आणि गूगल स्थानिक जोडणीवर चालत नाहीत, म्हणून येथूनच आंतरराष्ट्रीय रोमिंग घेऊन जायचे. नकाशासाठी चिनी अ‍ॅप घ्यायचे आणि प्रत्येक स्थळाचे नाव चिनी अक्षरांत छापलेले पत्ते जवळ ठेवायचे. ते पत्ते त्यांनी मोठ्या अक्षरांत छापून, दोरा ओवून ताईच्या हाती दिले होते.

खाण्याचा विभाग मात्र निराशाजनक निघाला. ताई शुद्ध शाकाहारी आहे, अंडेही खात नाही, आणि हे पहिल्या भेटीतच सांगितले होते. तरीही पुस्तिकेत शाकाहारासाठी अर्धेच पान होते आणि त्यात मुस्लिम वस्तीची शिफारस होती. तेथे डुकराचे मांस मिळत नाही हे खरे, पण तो परिसर मेंढीच्या मांसासाठी प्रसिद्ध आहे. भाकरीचे तुकडे मटणाच्या रश्शात बुडवून खाणे हे तेथील खास जेवण, आणि वासच ताईला सहन होईना. तांदळाच्या पिठाच्या थंड, तिखट पट्ट्या, ज्यांना ल्यांगफी म्हणतात, आणि तापलेले तेल तिखटावर ओतून केलेल्या रुंद शेवया, हे पदार्थ तिला चालले आणि आवडलेही. परंतु ते आम्हाला हिंडूनच सापडले. रश्श्यात हाडांचे पाणी नको, अंडे नको, चरबी नको, असे चिनी अक्षरांत छापलेले एक कार्ड पुस्तिकेबरोबर असते, तर तिचे दोन दिवस ठेपले आणि फळे यांवर गेले नसते. मराठी आणि गुजराती ग्राहक ज्या सेवेकडे येतात, तिच्याकडे ही गोष्ट सर्वांत आधी तयार असायला हवी. मी हे लिहून दिले आणि त्यांनी ते शांतपणे ऐकून घेऊन लगेच कार्ड करून घेतले, हेही नोंदवतो.

दुसरी तक्रार शुल्काची. मूळ शुल्क वाजवी आहे, कारण आरक्षणाच्या वेळचे साहाय्य आणि प्रवासातल्या अडचणींना फोनवर मिळणारी उत्तरे त्यातच येतात. एके संध्याकाळी गाडीवाल्याशी घोळ झाला तेव्हा त्यांनी मुंबईहून तो दहा मिनिटांत सोडवला. परंतु दुसऱ्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलाला वेगळे पैसे पडतात, हे आम्हाला तिसरी दुरुस्ती झाल्यावर कळले. रक्कम मोठी नव्हती. तरी अशी अट पहिल्या भेटीत, लेखी स्वरूपात दिली जायला हवी. ज्यांना ही किंवा अशी दुसरी सेवा घ्यायची असेल, त्यांनी शुल्काचा कागद आधी मागावा, घरातल्या प्रत्येकाच्या पथ्याची आणि चालण्याच्या ताकदीची यादी स्वतःच लिहून न्यावी, आणि दिवाळीत जायचे असेल तर गणपतीपूर्वीच भेटीची वेळ घ्यावी. त्यानंतर त्यांच्याकडे मोकळे दिवस राहत नाहीत आणि व्हिसासाठीही घाई होते.